वजन मोठे की वेग? कबड्डीच्या मैदानावरचे गतिशास्त्र



शालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले की शिरपूर तालुक्यातील शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या रेषा दिसू लागतात. आधी तालुका, मग धुळे जिल्हा, त्यानंतर नाशिक विभाग आणि शेवटी राज्य अशी ही शिडी असते. कबड्डीचा संघ निवडताना मात्र पहिल्याच पायरीवर वाद होतो. काही जण म्हणतात, “दणकट मुले घ्या. पकडीत टिकायला अंगात वजन पाहिजे.” दुसरे म्हणतात, “वजन घेऊन काय करायचे? हाताला लागेल तर पकडतील ना!” या वादात एखादा सडपातळ पण चपळ मुलगा, किंवा एखादी ठेंगणी पण विजेसारखी पळणारी मुलगी, राखीव खेळाडूंत बसून राहते.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात रग्बी लीग नावाचा खेळ लोकप्रिय आहे. त्यात १३ खेळाडूंपैकी सहा जण आघाडीचे असतात. चेंडू छातीशी धरून समोरच्या बचावफळीत घुसायचे, हे त्यांचे मुख्य काम. हे सहा जण धिप्पाड असावेत की लहानखुरे व वेगवान असले तरी चालेल, याची चर्चा तेथेही होत असते. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही प्रश्न एकच आहेत. धावत्या माणसाला अडवायचे असेल तर त्याचे वस्तुमान अधिक महत्त्वाचे की त्याचा वेग? नववी-दहावीच्या पुस्तकातील सूत्रे हाती घेऊन आपणच याचे उत्तर शोधू या.

दोन चढाईपटू

असे समजा की आपल्या संघात दोन चढाईपटू आहेत. पहिल्याचे वस्तुमान ४८ किलोग्रॅम असून तो सेकंदाला ५ मीटर वेगाने मध्यरेषेकडे परततो. दुसऱ्याचे वस्तुमान ६० किलोग्रॅम असून त्याचा वेग सेकंदाला ४ मीटर आहे. पहिल्याला ‘हलका’ व दुसऱ्याला ‘भारी’ म्हणू.

वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

हलका : ४८ × ५ = २४०
भारी : ६० × ४ = २४०

दोघांचा संवेग सारखाच आला. मग दोघांना अडवणेही सारखेच अवघड असेल का? याचे उत्तर देण्याआधी ‘अडवणे’ म्हणजे काय ते ठरवले पाहिजे. समजा, बचाव करणाऱ्यांनी चढाईपटूला धरले आणि ते त्याला ४८० न्यूटन बलाने मागे ओढत आहेत. बल × काळ = संवेगातील बदल. म्हणून थांबायला लागणारा काळ २४० ÷ ४८० = ०.५ सेकंद. हा दोघांसाठी सारखाच आहे.

आता थांबेपर्यंत प्रत्येक जण किती अंतर पुढे जाईल ते पाहू. येथे संवेग उपयोगी पडत नाही, गतिज ऊर्जा पाहावी लागते. तिचे सूत्र ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग.

हलका : ½ × ४८ × २५ = ६०० ज्यूल
भारी : ½ × ६० × १६ = ४८० ज्यूल

बल × अंतर = कार्य, आणि हे कार्य गतिज ऊर्जेएवढे झाले की माणूस थांबतो. म्हणून

हलका : ६०० ÷ ४८० = १.२५ मीटर
भारी : ४८० ÷ ४८० = १.०० मीटर

काळ सारखा, पण अंतर वेगळे! हलका खेळाडू पकड झाल्यानंतरही २५ सेंटिमीटर जास्त पुढे घसटत जातो. कबड्डीत या २५ सेंटिमीटरना केवढी किंमत आहे ते तुम्ही जाणताच. मध्यरेषेला बोट लागले की पकड करणारे सगळे बाद आणि बोट चार अंगुळे अलीकडे राहिले तर चढाईपटू बाद. चढाईपटूला पंच ‘किती वेळ टिकलास?’ असे विचारत नाहीत, ‘कोठे पोहोचलास?’ हे पाहतात. म्हणून चढाईत संवेगापेक्षा गतिज ऊर्जेचा हिशेब अधिक कामाचा ठरतो, आणि त्या सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

वेग किती वाढवायला हवा?

पण येथे घाई करू नका. भारी खेळाडूही सेकंदाला ५ मीटर वेगाने धावला तर? त्याची ऊर्जा ½ × ६० × २५ = ७५० ज्यूल होईल आणि तो १.५६ मीटर पुढे जाईल. म्हणजे नुसते हलके असणे हा काही गुण नव्हे. हलक्या खेळाडूने वजनातील तूट वेगाने भरून काढली पाहिजे.

किती वेगाने? भारी खेळाडूइतकेच अंतर घसटत जायचे असेल तर हलक्याची ऊर्जा ४८० ज्यूल हवी. ½ × ४८ × (वेग)² = ४८० असे मांडले की वेगाचा वर्ग २० येतो, आणि वेग सुमारे ४.४७ मीटर प्रतिसेकंद. भारी खेळाडूच्या ४ मीटरपेक्षा हा सुमारे १२ टक्क्यांनी अधिक आहे. म्हणजे येथे ६० किलोग्रॅमच्या खेळाडूपेक्षा २० टक्के हलका असलेला खेळाडू १२ टक्के अधिक वेगवान असला की बरोबरी झाली. त्याहून अधिक वेगवान असेल तर तो सरस ठरेल. वादाला प्रथमच आकडा मिळाला! आता “हा चपळ आहे” एवढे म्हणून भागणार नाही. घड्याळ लावून तो किती चपळ आहे हे मोजावे लागेल.

हलक्याला वेग कोठून मिळतो?

निसर्ग येथे हलक्याला थोडी मदत करतो. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. वजन मात्र घनफळावर अवलंबून असते. एकाच बांध्याची, पण लहानमोठ्या आकाराची दोन माणसे घेतली तर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात ताकद वाढते आणि घनाच्या प्रमाणात वजन वाढते. आपल्या भारी खेळाडूचे वजन हलक्याच्या १.२५ पट आहे. त्याची ताकद मात्र साधारण १.१६ पटच भरेल. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते आणि हत्तीला ते जमत नाही, त्याचे कारण हेच.

सेकंदाला ३ मीटर वेगाने डावीकडे निघालेल्या खेळाडूला अर्ध्या सेकंदात पाय रोवून थांबायचे आहे, असे समजा. त्याचे त्वरण ६ मीटर प्रतिसेकंद वर्ग आले. त्यासाठी हलक्याला २८८ न्यूटन आणि भारी खेळाडूला ३६० न्यूटन बल लागेल. मागणी १.२५ पट, पण ताकद १.१६ पट! म्हणूनच हुलकावणी देणे, एकदम वळणे, वाकून हाताखालून निसटणे या गोष्टी लहान चणीच्या खेळाडूंना सहसा लवकर साधतात. अर्थात हा नियम सारखा बांधा आणि सारखा सराव गृहीत धरतो. रोज तालीम करणारा भारी खेळाडू आळशी हलक्याला केव्हाही मागे टाकील.

उन्हाच्या बाबतीतही हेच गुणोत्तर पुन्हा भेटते. धावताना शरीरात उष्णता तयार होते ती साधारणपणे वस्तुमानाच्या प्रमाणात, आणि ती बाहेर पडते कातडीच्या पृष्ठभागावाटे. भारी खेळाडूची उष्णता १.२५ पट, पण कातडी १.१६ पटच. आपल्या खानदेशच्या उन्हात सामना लांबला तर मोठ्या अंगाचा खेळाडू लवकर तापतो आणि लवकर थकतो.

वजनाची बाजू

आतापर्यंत पारडे हलक्याकडे झुकलेले दिसते. आता दुसरी बाजू ऐकू.

वरचा सगळा हिशेब धावत्या खेळाडूचा होता. तो एकदा थांबला की त्याचा वेग शून्य, आणि वेगाबरोबर ऊर्जाही शून्य. आता उरते ती रेटारेटी. जमिनीवर पाय रोवून माणूस जास्तीत जास्त किती रेटा देऊ शकेल, हे घर्षणावर ठरते, आणि घर्षण वजनाच्या प्रमाणात असते. घर्षणांक ०.६ आणि गुरुत्वत्वरण १० धरले तर हलक्याला २८८ न्यूटन आणि भारी खेळाडूला ३६० न्यूटनपर्यंत रेटा देता येईल. म्हणजे झटापट लांबली की वजन जिंकते. दोराखेच या खेळात वजनदार संघाला झुकते माप मिळते ते यामुळेच. शेतकरी हे पूर्वीपासून जाणतात. खोल नांगरट करायची तर ते बैलाच्या अंगातले वजन पाहतात आणि गाडी पळवायची तर पाय पाहतात.

परंतु कबड्डीत एक मौज आहे. चढाईपटू एकटा असतो आणि समोर सात जण असू शकतात. प्रत्येकी ५० किलोग्रॅमच्या तिघांनी साखळी करून त्याला धरले तर त्यांचे एकत्रित वस्तुमान १५० किलोग्रॅम आणि रेटा ९०० न्यूटनपर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे २८८ काय आणि ३६० काय! चढाईपटू कितीही भारी असला तरी थांबल्यावर तो हरणारच. म्हणून चढाईपटूचे शहाणपण थांबण्यात नाही. माणसाला डोळ्यांनी पाहून हालचाल करायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात आपला हलका १ मीटर पुढे गेलेला असतो, तर भारी ८० सेंटिमीटर. चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी निदान रेषा पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळेल.

बचावातही हलक्यांना वाट आहे. घोट्याची पकड घेतली की चढाईपटूचा पाय जागच्या जागी थांबतो, पण वरचे शरीर जडत्वामुळे पुढेच जात राहते आणि तो तोंडघशी पडतो. येथे त्याचे स्वतःचे वजन आणि वेगच त्याच्याविरुद्ध काम करतात. याउलट कमरेला किंवा छातीला मिठी मारली तर त्याचा पूर्ण रेटा आपल्या अंगावर घ्यावा लागतो. तेथे वजन हवेच. म्हणून हलक्या संघाने दोन गोष्टी पाळाव्यात : पकड खाली घ्यावी आणि एकट्याने घेऊ नये. एकाने घोटा धरला की दुसऱ्या-तिसऱ्याने त्याच क्षणी पोहोचले पाहिजे. एक सेकंद उशीर झाला तर तीन हलके म्हणजे साखळी राहत नाही, एकेकटे तीन हलके उरतात.

रग्बीकडे एक नजर

रग्बी लीगमध्ये हिशेब थोडा बदलतो, कारण तेथे टक्कर चुकवता येत नाही. नियमाप्रमाणे चेंडू असलेल्या संघाला सलग सहा वेळा अडवले की चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो. म्हणजे आघाडीच्या खेळाडूला वारंवार समोरच्या भिंतीवर धडकावेच लागते.

समजा, ११० किलोग्रॅमचा खेळाडू ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने आला आणि ९० किलोग्रॅमचा बचावपटू तेवढ्याच वेगाने त्याला समोरून भिडला. दोघे एकमेकांना चिकटून राहिले तर त्यांचा एकत्रित वेग (५५० − ४५०) ÷ २०० = ०.५ मीटर प्रतिसेकंद, आणि तोही भारी खेळाडूच्या दिशेने. एकास एक गाठ पडली तर वजनाची सरशी होते. पण ९० किलोग्रॅमचे दोघे एकदम भिडले तर (५५० − ९००) ÷ २९० म्हणजे सुमारे −१.२ मीटर प्रतिसेकंद. आता भारी खेळाडूच मागे ढकलला गेला. कबड्डीच्या साखळीचा धडा येथेही लागू पडतो.

दुसरी गोष्ट दमाची. हा सामना ८० मिनिटांचा असतो आणि प्रत्येक अडवणुकीनंतर बचाव करणाऱ्या संघाला १० मीटर मागे हटावे लागते. १९९३ पूर्वी हे अंतर ५ मीटर होते. ऑस्ट्रेलियातील प्रमुख स्पर्धेत खेळाडू बदलण्याची मुभाही कमी होत गेली आणि २०१६ पासून ती आठ बदलांवर आली. दमलेल्या धिप्पाड खेळाडूला बाहेर बसवून विश्रांती देण्याची सोय जितकी कमी, तितका हलक्या, न थकणाऱ्या खेळाडूंचा फायदा अधिक. म्हणजे वजन मोठे की वेग, हे काही अंशी नियम ठरवतात! कबड्डीतही चढाई ३० सेकंदांत आणि एका दमात संपवायची असते. नियमानेच येथे वेगाला मान दिला आहे. शिवाय कबड्डीत वजनाला वरची मर्यादा असते. प्रौढ पुरुषांसाठी ती ८५ किलोग्रॅम आहे. रग्बीत अशी मर्यादा प्रौढांच्या मुख्य सामन्यांना नाही.

लहान चणीचा संघ मोठ्यांना हरवू शकतो याचे गाजलेले उदाहरण रग्बीच्या दुसऱ्या प्रकारातले, म्हणजे १५ खेळाडूंच्या रग्बी युनियनमधले आहे. १९ सप्टेंबर २०१५ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे विश्वचषकाच्या सामन्यात जपानने दक्षिण आफ्रिकेच्या दणकट संघाला ३४–३२ असे हरवले. जपानी खेळाडू खाली वाकून अडवत होते, जोडीने अडवत होते आणि चेंडू झटपट खेळत होते. वर आपण हिशेबाने काढलेले निष्कर्ष त्यांनी मैदानावर वापरले, असे म्हणता येईल.

एका सामन्याने सिद्ध होते का?

नाही. शास्त्राचा विद्यार्थी येथे सावध असतो. १९९० साली बीजिंगला कबड्डीचा आशियाई स्पर्धांत समावेश झाला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१८ साली जकार्ता येथे मात्र भारत आधी दक्षिण कोरियाकडून २४–२३ आणि मग उपांत्य सामन्यात इराणकडून २७–१८ असा हरला. “इराणी खेळाडू ताकदवान, म्हणून हरलो” असे अनेकांनी म्हटले. पण वजनाची मर्यादा सर्व संघांना एकच होती, आणि कोरियानेही आपल्याला हरवलेच होते. पुढच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली हांगझोऊ येथे, भारताने अंतिम सामन्यात इराणला ३३–२९ असे हरवून सुवर्णपदक परत मिळवले. एका निकालामागे कौशल्य, समन्वय, थकवा, पंचांचे निर्णय अशी अनेक कारणे असतात. त्यातून एकच कारण उचलणे धोक्याचे.

करून पाहा

हा प्रयोग वर्गातही करता येईल. एक खेळण्यातली गाडी घ्या आणि माती भरून तिचे एकूण वस्तुमान २०० ग्रॅम करा. फळीच्या उतारावर २५ सेंटिमीटर उंचीवरून ती सोडा. उताराच्या पायथ्याशी एका बाजूने उघडे असलेले, सुमारे १०० ग्रॅमचे पुठ्ठ्याचे खोके ठेवा. गाडी त्यात शिरून खोके ढकलीत नेईल. खोके किती सरकले ते मोजा. आता गाडीचे वस्तुमान २५० ग्रॅम करून ती १६ सेंटिमीटर उंचीवरून सोडा. दोन्ही वेळी पायथ्याशी संवेग जवळजवळ सारखा असतो. प्रत्येकी दहा वेळा मोजून सरासरी काढा. हलकी, वेगवान गाडी खोक्याला अधिक दूर नेते असे दिसेल.

मैदानावर पाहायचे असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली, मऊ जमिनीवर करा. प्रत्येक खेळाडूचे वजन आणि निदान रेषेपासून मध्यरेषेपर्यंत परतण्याचा वेळ नोंदवा. मग सरावात प्रत्येकाच्या निदान वीस चढायांचा निकाल लिहून ठेवा. संघाची निवड या वहीवरून करा, नुसत्या अंगकाठीवरून नको.

एक इशारा

वजनगटात बसण्यासाठी काही मुले आदल्या दिवशी जेवण सोडतात, पाणी पीत नाहीत, जाड कपडे घालून उन्हात पळतात. काट्यावर आकडा खाली येतो खरा, पण घटते ते पाणी. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी कमी झाले तरी काम करण्याची शक्ती घटू लागते. ५० किलोग्रॅमच्या मुलाच्या बाबतीत हे फक्त १ किलोग्रॅम होते. ज्या वेगासाठी हलके व्हायचे, तोच वेग अशाने जातो. शिवाय उन्हात असे करणे जिवावर बेतू शकते. वाढीच्या वयात पोटभर जेवावे, पुरेसे पाणी प्यावे आणि जे वजन असेल त्याला साजेशी जागा संघात शोधावी. भारी मुलालाही “जाड्या” म्हणून हिणवू नका. कमरेच्या पकडीला आणि साखळीच्या मधल्या जागेला तोच हवा असतो.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे : जेथे झटापट क्षणाची असते, जागा निवडता येते आणि मदतीला सोबती वेळेवर पोहोचतात, तेथे हलका व वेगवान संघ यशस्वी होऊ शकतो. जेथे एकास एक रेटारेटी लांबते, तेथे वजन भारी पडते. चांगला संघनायक आपल्या खेळाडूंना सोयीचा असा पहिला प्रकार सामन्यात वारंवार घडवून आणतो.

सोडवून पाहा

१. ४५ किलोग्रॅमची चढाईपटू ४ मीटर प्रतिसेकंद वेगाने परतते आहे. तिला ३६० न्यूटन बलाने अडवले तर ती किती अंतरावर थांबेल? मध्यरेषा तिच्यापासून १.८ मीटरवर आहे आणि वाकून हात लांबवल्यास तिचा हात पुढे ९० सेंटिमीटर पोहोचतो. ती वाचेल का?

२. गाडीच्या प्रयोगात दोन अंतरांचे गुणोत्तर हिशेबाने ५ : ४ यावे असे वाटते, पण प्रत्यक्षात ते थोडे कमी येते. का? (खोक्याच्या वस्तुमानाचा विचार करा.)

३. पकड करणाऱ्यांनी चढाईपटूला जमिनीवरून उचलले तर त्याचा घर्षणाचा रेटा किती उरेल?